पुसलेली पाटी

गेल्या वर्षीच्या आषाढातील गोष्ट. दुपारची वामकुक्षी आटोपून मी नित्याप्रमाणे संगणकापुढे जाऊन बसलो, तो पडद्यावरचे सारे दृश्यच पालटलेले. जेथे माझ्या फाइलींच्या चार-पाच रांगा दाटीवाटीने उभ्या असावयाच्या, तेथे कचऱ्याच्या टोपलीचे चित्र आणि दुसरे एक अनोळखी चिन्ह एवढेच उरले होते. टोपली उघडून पाहिली, तीही रिकामी. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. शेजारी आमचा नातू उभा होता आणि त्याच्या मुद्रेवर शाबासकीची अपेक्षा स्पष्ट दिसत होती. "आजोबा, आता बघा कसा पळतो! फार संथ झालाय म्हणून तुम्ही रोज तक्रार करत होतात ना? मी रीसेट करून टाकला."

शाबासकीऐवजी मी त्याला काय दिले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. सदतीस वर्षे वर्गात उभा राहून जे शब्द तोंडावाटे कधी निघू दिले नाहीत, ते त्या दुपारी निघाले. मुलगा काही न बोलता माडीवर निघून गेला आणि रात्री जेवावयासही खाली आला नाही.

हरवले काय, ते आधी सांगितले पाहिजे. २०१४ सालापासून मी आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत तयार करीत होतो. कुळवृत्तांत म्हटला की कित्येकांच्या कपाळास आठी पडते, हे मी जाणतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे असे ग्रंथ पुष्कळ निघाले, आणि आपला मूळपुरुष पेशव्यांच्या पंक्तीला नेऊन बसवण्याची हौस त्यांपैकी बऱ्याच ग्रंथकारांस होती. आमच्या घराण्यात त्या पंक्तीला बसलेला कोणीही नाही. असलाच तर वाढपी असेल. माझा हेतू साधा होता. आमचे मूळ गाव पैठणच्या वरच्या अंगास, गोदेच्या काठी होते. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि ते गाव नाथसागराच्या पाण्याखाली गेले. घर नाही, पार नाही, देऊळ नाही. अशा स्थितीत आपण कोठले, हे सांगावयास माणसांची आठवण तेवढीच उरते, आणि ती माणसेही एकामागून एक चालली होती. तेव्हा त्यांच्याकडे जावे, विचारावे आणि लिहून घ्यावे, असा क्रम दहा-अकरा वर्षे चालला. अकरा पिढ्या आणि ४१२ नावे जमली. आरंभी हे सर्व वह्यांत होते. पुढे ते संगणकावर उतरले, आणि २०२० सालच्या टाळेबंदीत घर आवरताना, 'आता ह्यांचे काय काम?' म्हणून सतरा वह्या मी स्वतःच्या हाताने रद्दीत घातल्या. नातवावर तोंडसुख घेताना ही गोष्ट मला आठवली नाही.

तो बिचारा काही आंधळेपणाने वागला नव्हता. रीसेट करताना यंत्र स्वतःच विचारते की, तुमच्या फाइली ठेवावयाच्या, की सर्व काही काढून टाकावयाचे? दुसरा पर्याय घेतला म्हणजे यंत्र अधिक निर्मळ होते, हे त्याला ठाऊक होते. आणि माझे सर्व लेखन डिस्कच्या 'डी' ह्या भागात सुरक्षित आहे, हेही त्याला ठाऊक होते, कारण मीच त्याला तसे अनेकदा सांगितले होते. 'सी' भागात यंत्राचा कारभार आणि 'डी' भागात आपले सामान, हा धडा मला संगणक घेतला तेव्हा कोणी तरी दिला होता, आणि मी तो स्वतः न पाळता पुढे शिकवीत राहिलो. प्रत्यक्षात, उघडताक्षणी समोर दिसावे म्हणून सारे काही मी डेस्कटॉपवर ठेवीत आलो होतो. डेस्कटॉप हा त्या 'सी' भागाचाच एक कोपरा आहे, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले. 'डी' भाग उघडून पाहिला. त्यात एका मुंजीचे फोटो आणि सत्यनारायणाच्या सामानाची यादी सुखरूप होती.

दुसरी प्रत कोठे असण्याचा संभव होता काय? होता, परंतु मीच तो येऊ दिला नव्हता. आमचे एक वडील चुलतबंधू पुण्यास असतात. २०२२ साली त्यांनी, 'झाले असेल तेवढे पाठवून दे,' म्हणून दोनदा फोन केला. ग्रंथ पूर्ण झाल्याखेरीज कच्चा मजकूर हातावेगळा करणे मला प्रशस्त वाटत नाही, असे मी त्यांस भारदस्तपणे कळवले. खरे कारण निराळे होते. त्यांना चुका काढण्याची खोड आहे, आणि त्यांनी काढलेल्या चुका बहुधा खऱ्या असतात.

सायंकाळी राग निवल्यावर मी एक मोठा मूर्खपणा केला. जे गेले ते आठवते तोवर लिहून काढावे, ह्या आवेशात त्याच संगणकावर प्रस्तावना पुन्हा लिहावयास बसलो आणि दर दहा मिनिटांनी ती जतन करू लागलो. तेवढ्याने समाधान न होऊन, हरवलेल्या फाइली परत आणून देतो असे सांगणाऱ्या दोन मोफत प्रणाली महाजालावरून उतरवून त्याच डिस्कवर बसवल्या. ह्या कृत्याने मी काय केले, ते दुसऱ्या दिवशी समजले.

पैठण गेटाकडे एका दुकानात अशी कामे होतात, असे ऐकून मी संगणक रिक्षात घालून तेथे नेला. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी निघाला. सहावीला असताना त्याला 'राम' शब्द चालवता येत नसे. त्याने प्रथम विचारले, "गुरुजी, रीसेट झाल्यावर तुम्ही ह्याच्यावर काय काय केलंत?" मी प्रस्तावनेचे आणि त्या दोन प्रणालींचे सांगितले. त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आता मात्र हा चालू करायचा नाही. 'बघू या तरी' म्हणूनसुद्धा नाही."

माझी समजूत अशी की, पाटी पुसली गेली आहे; आता तिच्यावर काही लिहिले न लिहिले, सारखेच. त्याने ती समजूत फार सुरेख रीतीने दूर केली. "गुरुजी, आपल्या शाळेचं ग्रंथालय तुमच्याकडे होतं. समजा, कुणी तुमची नोंदवही फाडून टाकली. पुस्तकं कुठं जातील? कपाटातच राहतील. पण नवीन आलेल्या कारकुनाच्या दृष्टीनं सगळी कपाटं रिकामी! नवी पुस्तकं आली की तो दिसेल तो खण धरणार, आतलं जुनं फेकणार आणि नवं ठेवणार. काल रात्री तुम्ही त्याला नवी पुस्तकं आणून देत होतात."

विंडोजच्या डिस्कवर अशी एक नोंदवही खरोखरीच असते. तिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. प्रत्येक फाइलीचे नाव, तारीख, आणि तिचे तुकडे डिस्कवर कोठकोठे पडले आहेत त्याचा पत्ता तिच्यात असतो. साध्या रीसेटमध्ये ही नोंद जाते, मूळ मजकूर लगेच खरवडला जात नाही. मात्र नवी विंडोज तेथे येऊन बसते, तिच्यापायी काही जागा त्याच क्षणी व्यापली जाते, आणि पुढे यंत्र जितका वेळ चालू राहील तितकी अधिक व्यापली जाते. शिवाय काही आपण न लिहिताही यंत्र स्वतःचे टिपण सतत लिहीत असतेच. माझे एकच सुदैव की माझी डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची होती. हल्लीच्या एसएसडी नामक डिस्कमध्ये ट्रिम म्हणून एक योजना असते. अमुक जागा आता नको, असे यंत्राने कळवले की डिस्क ती जागा आपण होऊन साफ करून ठेवते. मग कोणताही धन्वंतरी आला तरी उपाय चालत नाही. ज्या नव्या यंत्रांत सर्व मजकूर कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवलेला असतो, तेथे तर रीसेटबरोबर किल्लीच नाहीशी होते. आमच्या यंत्राच्या जुनेपणाची मी जन्मभर कुरकुर केली, आणि शेवटी तोच जुनेपणा कामी आला.

विद्यार्थ्याने डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या यंत्रास जोडून तिची अथपासून इतिपर्यंत, रिकाम्या जागांसकट, जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली. मूळ डिस्क कागदात गुंडाळून माझ्या हाती दिली आणि पुढचे सर्व प्रयोग नकलेवर केले. हा विवेक मला फार आवडला. जीर्ण पोथी हाताळताना आपण हेच करतो. शंका पाहावयाची ती नकलेत, मूळ पान पुनःपुन्हा उलटावयाचे नाही.

नोंदवहीवाचून फाइल ओळखावयाची कशी, हा खरा प्रश्न. त्यासाठी त्याने फोटोरेक नावाची प्रणाली वापरली. क्रिस्तोफ ग्रेनिए नामक फ्रेंच गृहस्थाने ती केली असून ती सर्वांस विनामूल्य मिळते. नावावरून ती फोटोंपुरती वाटते, परंतु शेकडो प्रकारच्या फाइली ती हुडकते. तिची रीत नैयायिकांस मान्य होण्यासारखी आहे. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, तसे ती आरंभीच्या खुणेवरून वस्तूचे अनुमान करते. छायाचित्राच्या फाइलीचा आरंभ ठराविक आकड्यांनी होतो. पीडीएफच्या आरंभी तिचे नावच लिहिलेले असते. आणि वर्डच्या नव्या पद्धतीच्या फाइलीच्या आरंभी 'पी' आणि 'के' अशी दोन रोमन अक्षरे असतात. ही फिल काट्झ ह्या अमेरिकन माणसाची आद्याक्षरे. त्याने फाइली दाबून लहान करण्याची झिप पद्धती काढली, आणि वर्डची फाइल ही आतून झिपचीच एक पेटी असते. तो २००० साली वारला. आमच्या पणजोबांचा वृत्तांत शोधावयास त्याच्या आद्याक्षरांचा माग काढावा लागेल, हे कोणाच्या पत्रिकेत लिहिलेले असणार!

रात्रभर यंत्र चालले. सकाळी ११००हून अधिक फाइली हाती आल्या. माझा आनंद गगनात मावेना. परंतु तो दुपारपर्यंतच टिकला. नोंदवही नसल्यामुळे एकाही फाइलीस नाव नव्हते. 'एफ' हे अक्षर आणि पुढे सात-आठ आकडे, एवढीच प्रत्येकीची ओळख. एकाच प्रकरणाचे नऊ-नऊ खर्डे, त्यांतला शेवटचा कोणता ते कळेना. ज्या फाइलींचे तुकडे डिस्कवर दूरदूर पडलेले होते, त्यांचा पहिला तुकडा सापडे आणि पुढे भलत्याच कशाचा मजकूर जोडलेला असे. आणि जिच्यात सर्व शाखा एकत्र केल्या होत्या ती मुख्य वंशावळ तर उघडेचना. ती ज्या जागी होती तेथे बहुधा माझी नवी प्रस्तावना जाऊन बसली असावी, असा विद्यार्थ्याचा तर्क. त्याने तो जपून सांगितला.

ह्याहून चमत्कारिक प्रकार जुन्या फाइलींचा. पहिल्या तीन वर्षांतील टिपणे पूर्णपणे शाबूत निघाली, परंतु उघडल्यावर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिवडा. मी पूर्वी ज्या मराठी फाँटात लिहीत असे तो जुन्या पद्धतीचा होता. त्या पद्धतीत यंत्राच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. रोमन अक्षरालाच देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. रीसेटमध्ये तो फाँट गेला, मुखवटा गळून पडला आणि आतले सोंग उघडे झाले. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, म्हणून ते लेखन फाँट बदलला तरी मराठीच राहते. मी २०१७ पासून युनिकोडकडे वळलो, तेही नातवाच्या वडिलांनी तगादा लावल्यामुळे. हे गूढ पाहून मला महानुभावांची सकळ लिपी आठवली. अक्षरांची अदलाबदल करून त्यांनी आपले ग्रंथ असे काही झाकून ठेवले की, हाती पोथी असूनही बाहेरच्या माणसास शतकानुशतके वाचता आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी तिची उकल केली, तेव्हा मराठीचा एक खजिना उघडला. आमची उकल एवढी अवघड नव्हती. कोणत्या फाँटाचा मजकूर आहे हे ओळखले की तो युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. जोडाक्षरे आणि रफार तेवढे हातांनी दुरुस्त करावे लागले. ह्या कामाला नातू आपण होऊन येऊन बसला. मी त्यास बोलावले नव्हते, आणि त्याची क्षमाही अजून मागितली नव्हती. तो वाचून दाखवी, मी मान हलवी. आठव्या दिवशी त्यानेच विचारले, "आजोबा, 'दत्तविधान' म्हणजे काय?" तेव्हापासून आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

आता ज्यासाठी मी हे सर्व लिहावयास घेतले तिकडे वळतो. लिखित मजकुराहून मोलाची अशी एक वस्तू त्या संगणकात होती. माझी आत्या शेवटची काही वर्षे आमच्याच घरी होती. १९३० चा तिचा जन्म; २०२१ साली मोबाइलवर मी तिची चौदा ध्वनिमुद्रणे केली, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. मुद्रणे संगणकावर उतरवून घेतली म्हणून जुना मोबाइल नवा घेताना दुकानात बदलीस देऊन टाकला. १९४८ साली आमचे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि गोदेच्या पलीकडचा शेवगाव तालुका नगर जिल्ह्यात, म्हणजे भारताच्या हद्दीत. रझाकारांचा उपद्रव वाढला तेव्हा त्या बाजूची कित्येक कुटुंबे रातोरात नदी उतरून गेली. त्यांत आमचेही होते. घरात एक शिसवी पेटी होती. सनदा, जुनी पत्रे, जमाखर्च आणि आजोबांच्या आजोबांच्या हातची एक टिपणवही, असे सर्व तिच्यात. पेटी बरोबर नेणे शक्य नव्हते. १७ सप्टेंबरला संस्थान खालसा झाले आणि मंडळी परतली, तेव्हा घर लुटलेले होते आणि पेटीचा मागमूस नव्हता. म्हणजे आमच्या घराण्याची पाटी एकदा पूर्वीही पुसली गेली होती. त्या पेटीत काय काय होते आणि निघताना तिचे काय केले, हे जाणणारी आत्या ही शेवटची व्यक्ती.

चौदांपैकी तीन मुद्रणे धड निघाली आणि एक अर्धवट. बाकीची मुळीच वाजेनात. अशा फाइलीत आवाज कोठे आणि किती आहे ह्याची अनुक्रमणिका बहुधा मुद्रण थांबवताना अगदी शेवटी लिहिली जाते. शेवटचा तुकडा गेला की सगळा आवाज हाताशी असूनही यंत्र मुके राहते, असे विद्यार्थ्याने सांगितले. त्याने दोन दिवस खटपट केली आणि पैसे घ्यावयास नकार दिला. तेवढ्यावरून मी समजलो.

मराठवाड्याच्या ह्या भूमीत असा प्रसंग पूर्वी घडलेला आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांना गाठून, विचारून, पडताळून लिहिल्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे काम. पुढे देवगिरीच्या राज्यावर दिल्लीच्या फौजा येऊ लागल्या, आणि त्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. तेव्हा ज्यांच्या मुखी जे होते ते त्यांनी सांगितले आणि ग्रंथ पुन्हा उभा राहिला. सांगणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. त्यांतील एक पाठ हिराइसा ह्या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. डॉ. वि. भि. कोलते यांनी निरनिराळ्या प्रती ताडून सिद्ध केलेली आवृत्ती १९७८ साली निघाली, ती माझ्या कपाटात आहे. ती मी किती तरी वेळा चाळली असेल. परंतु आपल्या घरात हिराइसा कोण, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

जी तीन मुद्रणे वाचली ती ऐकत बसलो होतो. आत्या बोलते आहे, मध्येच भांड्यांचा आवाज येतो, आणि एका ठिकाणी दुसराच स्त्रीस्वर: "आत्या, ते जमाखर्चाचं नव्हे, लाल बासनातलं होतं, परवा तुम्ही तसं म्हणालात." लगेच माझा आवाज: "वहिनी, जरा थांबा, रेकॉर्डिंग चालू आहे." आणि मग आत्या म्हणते, "बरोबर, लाल बासन." मी जो लेखी उतारा केला होता त्यात लाल बासन होते, वहिनींचा प्रश्न मी गाळला होता.

वहिनी माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. आत्याचे सर्व काही त्यांनी केले. मी आठवड्यातून एक तास यंत्र पुढे ठेवून बसत असे. त्या दिवसाचे चोवीस तास तिच्याजवळ असत. त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि म्हणालो, "वहिनी, आत्याने जे जे सांगितले ते तुम्हांस आठवते काय?" त्या शेंगा सोलीत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कधी?" मग त्या सांगू लागल्या. श्रावणातल्या बावीस दुपारी लागल्या. चौदा मुद्रणांतील बहुतेक सारे त्यांच्यापाशी होतेच, शिवाय यंत्रापुढे आत्या जे बोलली नव्हती तेही निघाले. ह्या वेळी मी थांबवले नाही. नातू मुद्रण करी, आणि रोज सायंकाळी त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर व एक त्याच्या वडिलांकडे बंगळूरला जाई. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यांतली एक परगावी, असा नियम त्याने कोठे तरी वाचला होता. पीटर क्रोग ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो प्रसिद्ध केला म्हणे. एकच मंत्र पद, क्रम, जटा, घन असा गुंफून निरनिराळ्या प्रांतांतील मुखांत ठेवणाऱ्या आपल्या वैदिकांना तो नवा वाटला नसता, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मग तुम्ही का नाही पाळलात?"

नावांच्या पडताळ्यासाठी आम्ही आजे-नातू कार्तिकात त्र्यंबकेश्वरास गेलो. तेथील तीर्थोपाध्यायांकडे घराण्याघराण्यांच्या नामावळ्या पिढ्यान् पिढ्या जपलेल्या असतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. आडनाव आणि मूळ गाव सांगितले. बुडालेल्या गावाचे नाव ऐकून कोणी तरी 'हो, आहे' असे म्हणावे, ह्यात काय सुख असते ते मला त्या ओसरीवर कळले. उपाध्यायांनी मोडीतील जुन्या नोंदी वाचून दाखवल्या. वंशावळीतून गळालेली पुष्कळ नावे तेथे भेटली. १९३३ सालच्या एका पानावर आमच्या आजोबांची स्वाक्षरी होती आणि खाली बरोबर आलेल्यांची नोंद: पत्नी, पुत्र वय ६, कन्या वय ३. कन्या म्हणजे आत्या. परंतु पुत्र? माझ्या वडिलांचा जन्म त्यानंतरच्या वर्षी झाला. आत्याला थोरला भाऊ होता, हे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हते. माझ्या ४१२ नावांत तो नव्हता. नोंदीत त्याचे नावही नव्हते, नुसते वय.

तेथूनच वहिनींना फोन केला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आत्या एकदा तापात बोलल्या होत्या, 'दादा असता तर पेटी त्यानं नीट ठेवली असती.' मला वाटलं, मामंजींबद्दलच बोलतायत. पण मामंजी तर त्यांच्याहून धाकटे."

पेटीविषयी आता दोन पाठ आहेत. वाचलेल्या मुद्रणात आत्या सांगते की, निघताना ती परसातल्या आडात सोडली. वहिनी सांगतात की, पुढे दोनदा तिने तुळशीवृंदावनाखाली पुरल्याचे सांगितले. आड आणि वृंदावन, दोन्ही नाथसागराखाली आहेत. पैठणासच नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती मिळवून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्यांच्यासारखा अधिकार असता तर मीही एक पाठ निवडला असता. मी दोन्ही छापले आहेत, आणि दुसऱ्यापुढे वहिनींचे नाव घातले आहे.

ग्रंथ पूर्वीएवढा झालेला नाही. मुख्य वंशावळीतील एकतीस नावे अजून परत मिळालेली नाहीत. कोकणात गेलेल्या शाखेची माहिती देणारे गृहस्थ २०१८ सालीच वारले. झाले तेवढे, चुकांसकट, माघात पुण्याच्या चुलतबंधूंना पाठवून दिले. आठ दिवसांत त्यांचे उत्तर आले. त्यांच्या मुंजीचे साल मी चुकवले आहे आणि दोन ठिकाणी सासरची आडनावे उलटसुलट केली आहेत. पत्राच्या शेवटी लिहिले आहे की, त्या सहा वर्षांच्या मुलाची हकीकत त्यांच्या आईस, म्हणजे आमच्या काकूंना, ठाऊक होती. मुलाचे नाव आणि तो कशाने गेला हे त्यांनी एकदा सांगितले होते, परंतु मी ह्या विषयावर आपल्याशी कधी बोललो नाही म्हणून ते सांगावयाचे राहून गेले. ते पत्राने किंवा फोनवर कळवण्याची त्यांची इच्छा दिसत नाही. समक्ष ये, असे लिहिले आहे.

येत्या रविवारी आम्ही पुण्यास जात आहोत. नातवाने यंत्र तयार ठेवले आहे. मी एक कोरी वही घेतली आहे.